मुठीचे तांदूळ

शनिवारी सकाळी शांतीने वाटीने मोजून तांदूळ पातेल्यात काढले, नेहमीसारखी त्यातून एक मूठ उचलली, आणि ती मूठ ओट्याच्या कोपऱ्यातल्या ॲल्युमिनियमच्या डब्यात न जाता परत पातेल्यातच पडली. तिने ते ठरवून केलं नव्हतं. हात डब्याच्या दिशेने निघाला होता, अर्ध्या वाटेवर थबकला आणि वळला. तिने नळाखाली पातेलं धरून तांदूळ धुतले, पांढुरकं पाणी मोरीत वाहून गेलं, आणि तेव्हा कुठे आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलींना तराजू शिकवताना ती सांगायची की हाताला स्वतःचं मत असतं, म्हणून वजन करताना हातावर नाही, काट्यावर विश्वास ठेवायचा. मुली हसायच्या. आज तिच्या हाताने आपलं मत देऊन टाकलं होतं. ओल्या तांदळातून ती मूठ आता वेगळी काढता येणार नव्हती. कुठले दाणे देवाचे आणि कुठले घरचे, हे कुणालाच सांगता आलं नसतं. ती तशीच उभी राहिली. बाहेर वरशाच्या रस्त्यावरून एका कंपनीची बस गेली, ज्या कंपन्या अजून चालू होत्या त्यांतल्या एकीची. पुढच्या खोलीत तिचा नवरा महिपती खिडकीपाशी उभा राहून बस वळेपर्यंत बघत असणार, हे तिला न बघताही कळत होतं.

मूठ काढायला तिला कुणी शिकवलं नव्हतं, जसं चालायला कुणी शिकवत नाही. तिच्या माहेरच्या, पेणच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रत्येक घरी रोज भात टाकताना देवाची म्हणून एक मूठ बाजूला निघायची, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ते डबे देवळात जायचे. लग्न करून शांती रोह्याला आली, घरं बदलत शेवटी गावाबाहेरच्या वरशातल्या या दोन खोल्यांत स्थिरावली, तरी मुठीचा डबा पेणलाच जात राहिला. तिचे वडील, गुणाजीमास्तर, म्हणायचे की घरात येणारं काहीच आपलं नसतं, आपण नुसते कारभारी. मालक कधीतरी येऊन विचारणार, काय केलंस म्हणून. हे ते धाक घालायला सांगत नसत. उलट त्यात त्यांना मोकळं वाटायचं, भाड्याच्या घरातल्या माणसाला छपराची काळजी मालकावर सोपवून झोपता यावं तसं. पगार हाती आला की त्याचे चार वाटे व्हायचे: पहिला देवाचा, दुसरा घराचा, तिसरा उद्याचा आणि चौथा, अगदी लहान, दाराशी येईल त्याचा. उधारी करायची नाही, आणि पहिल्या वाट्याला तर कधीच हात लावायचा नाही. शांतीने आपल्या संसारात हेच चालवलं. तिला ते आवडायचंही. दोन्ही बाजू जुळलेल्या समीकरणासारखा महिना संपायचा, आणि रात्री प्रार्थना करताना तिच्याकडे मागण्यापेक्षा आभारच जास्त असायचे.

महिपतीच्या कंपनीला टाळं लागलं त्यावर पावसाळा आणि दिवाळी उलटून गेली होती. तो तिथे बॉयलरवर होता. शांतीचा शाळेतला पगार तासांवर, म्हणजे सुट्टी लागली की तोही नाही. मुलगी मैना मिरजेला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि तिची फी या महिन्याअखेर भरायची होती. नाही भरली तर परीक्षेला बसता आलं नसतं. शांतीने आवळायला घेतलं. आधी मासळी गेली, मग दूध अर्ध्यावर आलं, मग उद्याचा वाटा मैनाकडे वळला. पहिल्या वाट्याला तिने हात लावला नाही. तांदळाचं माप मात्र तिने बदललं. जुनं मापटं फळीवर मागे सरकवून एक लहान वाटी घेतली, आणि ही गोष्ट आपल्यालाच ठाऊक आहे असं धरून चालली. महिपती दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ताटावरून उठताना म्हणाला की आच कमी केली की वाफ धरत नाय, बाकी बॉयलरचं पत्रं लई मजबूत हाय. मग स्वतःच्याच पोटावर थापटी मारून हसला. तेव्हापासून तो नाक्यावर कुणीतरी वडापाव खायला घातला असं सांगत दुपारी उशिरा यायचा, आणि शांतीला त्याच्या तोंडाला तेलाचा वास कधीच येत नव्हता.

त्या शनिवारी जेवताना तिने त्याला सांगून टाकलं की आज मूठ काढली गेली नाही. महिपतीने घास थांबवला. त्याने याआधी तीन उपाय सुचवले होते. सोसायटीचं कर्ज काढू. ती नाही म्हणाली. काम लागेपर्यंत देवाचा वाटा थांबवू. तिला ते ऐकवलंसुद्धा नाही. तिसरा उपाय त्याने एकदाच, चप्पल घालता घालता, उच्चारला होता: पेणच्या देवळामागच्या खोलीत जे पिंप आहे, त्यातून आपणही आणू. मुठीचे तांदूळ त्याच पिंपात पडायचे आणि ज्याला गरज असेल त्याने त्यातूनच न्यायचे, अशी रीतच होती. शांतीने तेव्हा बघू म्हटलं होतं, आणि तिच्या बघू म्हणण्याचा अर्थ त्याला एवढ्या वर्षांत पाठ झाला होता. आता ती म्हणाली की आपण काही उपाशी नाही, तांदूळ विकत घेण्याइतके पैसे आहेत. ते फीसाठी राखायचे म्हणून देवळातून तांदूळ आणायचे, हे बरोबर दिसत नाही. पिंप उपाशी माणसासाठी आहे.

"म्हणजे आधी उपाशी व्हायचं आन मग घ्यायचं," महिपती म्हणाला. "एवढा पेपर सोडवला की पास, असं हाय काय?"

त्याने तिच्या ताटाकडे बघितलं, स्वतःच्या ताटातला भात बोटाने एका कडेला सारला आणि तिच्या ताटात ढकलला. तो रागावला नव्हता. म्हणाला, उद्या गेटवर युनियनची सभा आहे, मी येत नाही, तू डबा घेऊन जा; भरून आणलास तरी मी विचारणार नाही आणि रिकामा आणलास तरी विचारणार नाही.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरला ती खिडकीपाशी बसली आणि डबा मांडीवर घेतला. पूर्वी रोहा हे शेवटचं स्टेशन होतं, गाडी इथे येऊन दमल्यासारखी उभी राहायची. आता रूळ पुढे गेले होते आणि फलाटावर परकी माणसं दिसायला लागली होती. कुंडलिकेचं पाणी मागे पडलं. लहान वाटीतून मूठही लहानच निघायची; डब्याचा तळ जेमतेम झाकला होता, गाडीच्या प्रत्येक धक्क्याला आतले दाणे पत्र्यावर घरंगळायचे आणि तिला वाटायचं की समोरच्या बाकावरच्या बाईला तो आवाज ऐकू जातोय. भरलेला डबा वाजत नाही. निडीला भाजीच्या टोपल्या चढल्या, गाडीच्या दाराशी वालाच्या शेंगांचा हिरवा, तुरट वास पसरला. त्या वासात ती लहान झाली. पेणला घरापासून देवळापर्यंत डबा धरायचा मान तिचा असायचा. आई पुढे, ती मागे, दोन्ही हातांनी डबा छातीशी. येताना डबा रिकामा असायचा, मग तो डोक्यावर उपडा घालून चालायचं, आणि गुणाजीमास्तर रस्त्यात कुणी भेटलं की सांगायचे, ही आमची पलटण. पण एका वर्षी आईने येताना डबा तिच्या हातात देणं बंद केलं. नेताना तू घे, म्हणायची, येताना मी घेते. शांती रडली होती. आईचा खांदा डब्याच्या बाजूला किंचित कललेला असायचा, ते तिला आठवत होतं, आणि त्या आठवणीत काहीतरी होतं जे तिला पकडता येत नव्हतं. रिकाम्या डब्याने खांदा का कलावा? नागोठणं गेलं. पेण येईपर्यंत ती तो खांदा बघत राहिली.

उपासना नेहमीप्रमाणे झाली. पाळकसाहेबांनी दोन नव्या बाळांसाठी आणि एका दुखऱ्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली. ज्यांची कामं गेली आहेत त्यांच्यासाठी, असं ते म्हणाले तेव्हा शांतीने डोळे जास्त घट्ट मिटले. मग बायका डबे घेऊन मागच्या ओटीवर जमल्या. त्या खोलीची रीत अशी होती की एकेका बाईने डबा घेऊन एकटीने आत जायचं, दार लोटून घ्यायचं आणि काम झालं की बाहेर यायचं. टाकणारी आणि नेणारी, दोघींचे डबे झाकलेले. कोण भरायला गेली आणि कोण घ्यायला, हे बाहेर बसलेलीला कळायचं कारण नव्हतं. एकच अडचण होती, आवाज. तांदळावर तांदूळ ओतले तर सर्र असा लांब आवाज होतो, मापाने उपसले तर खर्र, तुटक. म्हणून आत कुणी असलं की ओटीवरच्या बायकांनी मोठ्याने बोलायचं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, निदान शांतीला आठवतं तेव्हापासून ते असंच होतं, आणि अलीकडे त्या कामाचा सगळा भार हौसाबाईंनी उचलला होता. हौसाबाई खाडीकडच्या, तरुणपणी मिठागरावर काम केलेल्या, आणि तिथे वाऱ्यावर हाका मारून कमावलेला गळा अजून तसाच होता. शांतीचा नंबर आला तेव्हा त्या सुनेच्या सांबाराबद्दल सांगत होत्या. शांतीकडे बघून म्हणाल्या, ही बघा आमची शास्त्रीनबाय, ही बायबल वाचते ते बी वजन करून. बायका हसल्या. शांतीने आत जाऊन दार लोटलं.

खोलीत अर्धवट उजेड होता. भिंतीवर अजून खिळे होते, त्यांवर कधीकाळी नकाशे टांगलेले असायचे; ही देवळाच्या शाळेची खोली होती, गुणाजीमास्तरांचा वर्ग. शांती दुसरीत असताना शाळा बंद पडली. त्यानंतर बरेच महिने वडील घरी होते, आणि मग पोह्याच्या गिरणीत हिशेबाला लागले. तिने पिंपावरची फळी उचलली. आपले दाणे टाकायचे आणि निघायचं, एवढं तिने मनाशी धरलं होतं. पण आधी तिने हात आत घातला, तिला का ते कळलं नाही. तांदूळ गार होते. मूठभर वर काढून ती खिडकीच्या फटीपाशी गेली आणि प्रयोगशाळेत नमुना बघावा तसा तळहात उजेडात धरला. लांब बारीक कोलम. आखूड, जाडा जया. पिवळसर उकडा. रेशनचा, कणी फार. आणि मधूनमधून रात्याचे लाल दाणे. असे तांदूळ एकत्र शिजवले तर एकसारखे कधीच शिजणार नाहीत. बारीक दाणा मऊ होईल तेव्हा जाड्याच्या पोटात कच राहील, आणि लाल दाणा तर दाताखाली—

रंगीत भात. आई त्याला रंगीत भात म्हणायची. शांती आणि तिचा भाऊ ताटातले लाल दाणे आधी वेचून कडेला ठेवायचे आणि शेवटी एकदम खायचे. कुणाच्या ताटात जास्त निघाले यावरून भांडायचे. त्या वर्षी रोज रंगीत भात असायचा आणि शेजारच्या मुलांकडे तो नसायचा, म्हणून शांती नव्या शाळेत मिरवली होती. मग गिरणीतलं काम लागलं आणि भात पुन्हा पांढरा झाला. तेव्हा तिला वाईट वाटलं होतं. ती भिंतीला टेकली. येताना कललेला तो खांदा आता स्वच्छ कळत होता, एखादा अंदाज मोजमापाने सिद्ध व्हावा इतका स्वच्छ. डबा जाताना हलका होता आणि येताना जड. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या हातात तो दिला असता तर तिच्या हातांना कळलं असतं.

बाहेर हौसाबाई कुठल्याशा नवऱ्याची नक्कल करत होत्या, हशा चालला होता. शांतीच्या डोळ्यांना पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. तिला लाज वाटेल अशी तिची अपेक्षा होती. तीही वाटली नाही. विज्ञान शिकलेल्या तिच्या मनाला एक साधी गोष्ट दिसत होती. त्या वर्षी तिची उंची वाढली होती, दुधाचे दात पडून नवे आले होते. ते कशातून आले? माणूस जे खातो त्याचंच होतं. पेणच्या कुठल्या कुठल्या घरांतल्या बायकांनी भात टाकताना क्षणभर हात थांबवला होता, आणि त्या थांबलेल्या हातांतलं काहीतरी तिच्या हाडांत होतं, आजही. त्यातल्या बहुतेक आता नव्हत्या. त्यांची नावंही तिला सांगता आली नसती, आणि त्यांनाही कधी कळलं नसेल की आपली मूठ मास्तरांच्या घरी गेली. आणि आणखी एक आठवलं, ते तर तिला इतकं स्पष्ट दिसलं की ती श्वास धरून राहिली. आई चुलीपाशी बसलेली, पातेल्यात तोच रंगीत तांदूळ, आणि आईचा हात त्यातून मूठ काढून डब्यात टाकतोय, लाल दाण्यांसकट. मिळालेल्यातलंच. पिंपातून आलेलं पिंपात परत. आईने घेताना देणं थांबवलं नव्हतं आणि देत होती म्हणून घेणं टाळलं नव्हतं. तिच्या लेखी ती दोन कामं नव्हतीच. वडिलांनी चार वाटे शिकवले, पण ते चारही स्वतः कमावलेल्याचे. बाहेरून घरात येणाऱ्याचा कारभार आईने केला, न बोलता, आणि मुलांना तो रंगांचा खेळ वाटेल अशा बेताने.

शांतीने आपल्या डब्यातले दाणे पिंपात ओतले. मग पिंपातलं मापाचं चिपटं उचललं. पहिलं चिपटं काढताना तिचा हात आखडला, वाटलं, निम्मंच घ्यावं. मग तिने स्वतःला विचारलं की दोन माणसांना, पोटभर, पुढच्या पहिल्या रविवारपर्यंत किती लागेल. हा हिशेब तिला येत होता, आणि तो या डब्यात मावणारा नव्हता. संकोचाने कमी घेणं म्हणजे पुन्हा ती लहान वाटीच. तिने डबा काठापर्यंत भरला, वरून हात फिरवून तांदूळ सपाट केले आणि झाकण दाबून बसवलं. खर्र आवाज झाला असणार, पण तिला ऐकू आल्या त्या हौसाबाईच. एवढा वेळ लागला तरी त्यांची गोष्ट संपली नव्हती. नक्कल संपल्यावर त्यांनी दुसरी सुरू केली होती.

हौसाबाईंचं घर स्टेशनच्या रस्त्याला होतं, म्हणून दोघी बरोबरच निघाल्या. ऊन चढलं होतं. गणपतीच्या एका कारखान्याच्या पडवीत बिनरंगाच्या पांढऱ्या मूर्ती ओळीने वाळत ठेवल्या होत्या. शांती डबा या हातातून त्या हातात घेत होती, आणि चौथ्यांदा घेतला तेव्हा हौसाबाईंनी काही न विचारता तो काढून घेतला. त्यांचा हात एकदम खाली गेला. मग त्यांनी डबा कमरेवर टेकवला आणि सुनेच्या सांबाराचं पुढे चालू केलं, जणू हवेचा डबा होता. आता गप्प राहिलं तरी चालणार होतं. रीत शांतीच्या बाजूने होती. ती झाकण्यासाठीच होती. पण शांतीला एवढ्यात झाकून घ्यावंसं वाटेना. आईला ज्यांचे आभार मानता आले नाहीत त्यांच्यातली एक तरी इथे, हाताच्या अंतरावर, घाम पुसत चालली होती.

"मावशी," ती म्हणाली, "आज मी टाकले नाहीत. घेतले."

हौसाबाई थांबल्या नाहीत. "ठावं हाय गो."

"महिपतीचं काम बंद आहे."

"ता पण ठावं हाय. रोह्याचं टालं काय पेनला दिसत नाय?" मग थोडं चालून झाल्यावर, आवाज खाली आणून, जो त्यांना फारसा जमत नव्हता, त्या म्हणाल्या, "आमी सगल्या वाट बघत व्हतो. दर म्हयन्याला तू आत जायचीस आन सर्र करून वतायचीस. आमी भायेर बसून म्हनायचो, नाय घेतलान आजपन. पालकसायबांची बायको तर म्हनली, हिला घरी नेऊन द्यावं काय. मी म्हनलं, नको. येल तिची ती."

शांती त्यांच्या कमरेवरच्या डब्याकडे बघत चालली. एवढे महिने आपण कुणाला न कळू देता आवळत होतो, आणि ओटीवर बसलेल्या बायका एक आवाज झाकण्यासाठी बोलत होत्या आणि एका आवाजासाठी कान देऊन होत्या. देवाचे आभार मानायला तिच्याकडे नेहमी शब्द असायचे, नीट, एकामागून एक. आता एकही नव्हता, आणि तरी आतून आभारच चालले होते, तिला न विचारता.

हौसाबाईंचं घर मागे पडलं तरी त्या वळल्या नाहीत. थेट फलाटापर्यंत आल्या. बाकावर डबा ठेवून त्यांनी झाकण दाबून बघितलं, ते एका बाजूला उचललं जात होतं. कमरेचा रुमाल काढून त्यांनी तो डब्याभोवती आवळून गाठ मारली, मिठाच्या गोणीला मारतात तशी, पायाच्या जोराने मारावी एवढी घट्ट. सिग्नल पडला. लांबून गाडीचं तोंड दिसायला लागलं.

"सांबालून ने," त्या म्हणाल्या. "आन पुढल्या म्हयन्याला मोठा डबा आन गो. ह्यात काय दोन मानसांचं व्हतंय? तिकडं लेक येल परीक्षा देऊन, तिला काय वजन करून घालनार हाईस?"

शांती हसली. किती दिवसांनी, ते तिला सांगता आलं नसतं. फलाटावरचे दोघेतिघे वळून बघायला लागले, आणि तिला थांबता येईना, गाडी येऊन उभी राहिली तरी.